शाळेपूर्वीची शाळा

अंबरनाथचे शिवमंदिर पाहावयास जाणाऱ्या मनुष्याची दृष्टी प्रथम वर जाते. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हा काळ आणि शिलाहार राजा माम्वाणी याचे नाव शिलालेखात मिळाल्यामुळे या देवालयाची प्राचीनता निश्चित झालेली आहे. आणि बाह्य भिंतींवरील मूर्तींची दाटी पाहता पाहता मान दुखू लागली तरी डोळे तृप्त होत नाहीत. परंतु देवाचे दर्शन घ्यावयाचे तर वर पाहून भागत नाही. गाभारा मंडपाच्या पातळीच्या बराच खाली असून तेथे पायऱ्यांनी उतरावे लागते. एके दिवशी सकाळी, यात्रेची गर्दी नसताना, आम्ही मंडपात बसलो होतो. एक म्हातारी आपल्या तीन-चार वर्षांच्या नातवाला घेऊन आली. मूल पहिल्या पायरीशी येऊन थबकले. पायरी त्याच्या गुडघ्याहून उंच होती. म्हातारीने त्याला उचलले नाही, ओढले नाही, रागेही भरली नाही. ती स्वतः त्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "बस असा. आता पाय खाली सोड." मूल बसत, सरकत, हसत खाली उतरले.

प्रसंग क्षुल्लक आहे. परंतु त्या दिवसापासून एक विचार आमच्या मनातून जाईना. आमच्या खेडोपाडीच्या शाळेची पहिली पायरीही अशीच मोठ्या माणसाच्या मापाने घडविलेली आहे, आणि तिच्याशी थबकलेल्या मुलाला आपण गेली शंभर-दीडशे वर्षे 'मंद' म्हणून परत पाठवीत आलो आहो. त्या पायरीवर मुलाशेजारी कोणी तरी बसावे लागते, ही गोष्ट महाराष्ट्रात प्रथम कोणाच्या ध्यानात आली, त्यांनी काय केले आणि पुढे त्या कार्याचे काय झाले, याचा इतिहास आम्हांस आजच्या वाचकांपुढे ठेवावयाचा आहे. तो इतिहास फार दूरचा नाही. ज्या बोर्डी आणि कोसबाड या गावी तो घडला, ती गावे आणि हे अंबरनाथ इ. स. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत एकाच ठाणे जिल्ह्यात होती.

आमच्याकडील लोकशिक्षणाच्या चळवळीचा इतिहास सामान्यतः शाळेच्या दारापासून सुरू होतो. इ. स. १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन ठेवून प्राथमिक शिक्षण बारा वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. इ. स. १९०६ मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात अशी सक्ती सर्वत्र लागू केली. इ. स. १९११ मध्ये नामदार गोखले यांनी वरिष्ठ कायदे मंडळात आपले प्रसिद्ध विधेयक मांडले व ते नामंजूर झाले, आणि इ. स. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात म्युनिसिपालिट्यांपुरता सक्तीचा कायदा झाला. या सर्व थोर पुरुषांची दृष्टी एका प्रश्नावर खिळलेली होती: मूल शाळेत येईल कसे? त्या काळी तोच प्रश्न पहिला होता, यात संशय नाही.

परंतु मुले शाळेत येऊ लागली तेव्हा दुसरा प्रश्न उभा राहिला. इ. स. १९२९ मध्ये हार्टोग कमिटीने आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की, इ. स. १९२२-२३ साली पहिल्या इयत्तेत असलेल्या शंभर मुलांपैकी तीन वर्षांनी चौथ्या इयत्तेत पोचलेली मुले पुरती वीसही नव्हती. राहिलेली मुले गेली कोठे? काही शाळा सोडून गेली. काही पहिल्या इयत्तेतच वर्षानुवर्षे साचून राहिली. पहिलीचा वर्ग गच्च भरलेला आणि चौथीचा वर्ग ओस, हे दृश्य त्या काळच्या प्रत्येक शाळा-तपासनिसाच्या परिचयाचे होते. याची कारणमीमांसा करताना कोणी आईबापांच्या अज्ञानाला दोष दिला, कोणी दारिद्र्याला, कोणी एकशिक्षकी शाळेला. ही कारणे खोटी नव्हती. तथापि सहा वर्षांचे मूल शाळेच्या दारात पाऊल ठेवते त्या दिवशी ते आपल्याबरोबर काय घेऊन येते व कशावाचून येते, इकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले.

आमच्या वाचकांनी आपल्या घरातील मूल डोळ्यांपुढे आणावे. ते शाळेत जाण्यापूर्वीच त्याने पुस्तक हाताळलेले असते, मग ते फाडण्याकरिता का होईना. आजीच्या गोष्टी त्याने ऐकलेल्या असतात, आणि त्या गोष्टींची भाषा व क्रमिक पुस्तकाची भाषा यांत फारसे अंतर नसते. एका जागी बसणे, सांगितलेले ऐकून घेणे, पेन्सिल धरणे, 'मोठे-लहान', 'आधी-नंतर', 'कमी-जास्त' हे भेद ओळखणे, हे सारे ते खेळता खेळता शिकलेले असते. आणि आपण समजतो की मूल उपजतच हुशार आहे! आता एखाद्या वारली किंवा कातकरी पाड्यावरचे मूल पाहा. रानातल्या झाडापाखरांची जितकी नावे त्याला ठाऊक असतात तितकी आमच्या पदवीधरांसही नसतील. त्याची बुद्धी कमी नसते. परंतु त्याच्या घरची बोली वेगळी, आई भल्या पहाटे कामावर गेलेली, पोटात पुरेसे अन्न नाही, आणि ते मूल जर मुलगी असेल तर कडेवर धाकटे भावंड. अशा मुलाला अनोळखी भाषेत, अनोळखी माणसासमोर, अनोळखी चार भिंतींत आणून बसविले आणि त्याच्यापुढे 'अ' हे अक्षर काढले, तर त्याने गांगरून जाऊ नये काय? पहिलीत नापास होणारे मूल परीक्षेच्या दिवशी नापास होत नाही. त्याच्या नापासीची तयारी त्यापूर्वीच्या तीन वर्षांत झालेली असते.

ही गोष्ट युरोपात मारिया माँटेसोरी या विदुषीने ओळखली होती. इ. स. १९०७ च्या जानेवारीत तिने रोम शहरातील सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप मजुरीस गेल्यावर चाळीतून हुंदडणारी मुले, हेच तिचे पहिले विद्यार्थी. परंतु विचारांच्या प्रवासात कित्येकदा असा चमत्कार होतो की, जे गरिबाच्या दारात जन्मले ते श्रीमंताच्या दिवाणखान्यात जाऊन बसते. माँटेसोरी-पद्धतीची लाकडी साधने महाग, ती शिकविणारे शिक्षक दुर्मीळ. त्यामुळे जगभर, व आमच्याकडेही, ती पद्धत सुखवस्तु घराण्यांच्या मुलांचे भूषण होऊन बसली.

आमच्याकडे तिला देशी वेष चढविण्याचे पहिले मोठे काम गिजुभाई बधेका यांनी केले. व्यवसायाने वकील असलेल्या या गृहस्थाने वकिली सोडून भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेत इ. स. १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. तेथे इ. स. १९२३ मध्ये एक महाराष्ट्रीय स्त्री येऊन दाखल झाली. तिचे नाव ताराबाई मोडक. ताराबाईंचा जन्म इ. स. १८९२ मध्ये मुंबईस झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजी. घरात सुधारणेचे वारे. इ. स. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. पुढे राजकोट येथे स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या मुख्य पदी त्यांनी काम केले. त्या काळी स्त्रीस दुर्लभ असे ते पद सोडून तीन-चार वर्षांच्या मुलांत जाऊन बसावयाचे, हे त्यांच्या परिचितांस वेडेपणाचेच वाटले असेल. पण या वेडातूनच इ. स. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, शिक्षणपत्रिका निघू लागली, तिची मराठी आवृत्ती इ. स. १९३३ पासून महाराष्ट्रातील घरोघर जाऊ लागली, आणि इ. स. १९३६ मध्ये मुंबईस दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी राहिली.

येथवरचा इतिहास शहरचा आहे, व तो पुष्कळांस माहीत आहे. दादरच्या मध्यमवर्गाने शिशुविहाराचे कौतुक केले. आणि येथेच थांबल्या असत्या तरी ताराबाईंचे नाव राहिले असते. परंतु त्यांच्या मनाला एक टोचणी लागून राहिली होती. देशातील बहुसंख्य मुले खेड्यांत आहेत. त्यांच्यापर्यंत जे पोचत नाही त्यास राष्ट्रीय शिक्षण कसे म्हणावे? गांधीजींच्या मूलोद्योगी शिक्षणाच्या विचारातही त्या सुमारास 'पूर्व-बुनियादी' शिक्षणाची भर पडली होती. सरकारच्या बाजूने इ. स. १९४४ च्या सार्जंट अहवालाने सबंध देशात दहा लाख मुलांची शिशुशाळांतून सोय करावी असे सुचविले होते. पण अहवाल कपाटात राहतो, मुले अंगणात असतात. इ. स. १९४५ च्या डिसेंबरात ताराबाईंनी डहाणू तालुक्यातील समुद्रकाठच्या बोर्डी या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्यांचे वय तेव्हा त्रेपन्न होते. ज्या वयात मनुष्य निवृत्तीचा हिशेब मांडू लागतो, त्या वयात ही बाई नव्याने शिकावयास निघाली.

त्यांच्याबरोबर होत्या अनुताई वाघ. इ. स. १९१० मध्ये पुणे जिल्ह्यातील मोरगावी जन्मलेल्या अनुताईंचे तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. ज्या समाजाने अशा मुलीसाठी स्वयंपाकघराचा कोपरा राखून ठेवला होता, त्याच समाजात ती शिकली, शिक्षिका झाली, पुण्याच्या हुजूरपागेत शिकवू लागली, आणि ताराबाईंची गाठ पडताच बोर्डीस निघून आली. पुढची सत्तेचाळीस वर्षे तिने या कार्याला वाहिली.

बोर्डीचा तो काळ शांततेचा नव्हता. त्याच वर्षी उंबरगाव-डहाणू भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली त्या मुक्या माणसांना वाचा फुटली होती. एका बाजूस मोठी माणसे माणुसकीच्या हक्कासाठी उभी राहत होती, आणि त्याच प्रदेशात दोन स्त्रिया त्यांच्या मुलांची नखे कापीत, त्यांना न्हाऊ घालीत, त्यांच्याशी गाणी म्हणत बसल्या होत्या. या दोन कामांत विरोध होता असे आम्हांस वाटत नाही. पहिल्याने जे मिळवावयाचे, ते टिकविण्याची पात्रता दुसऱ्याने यावयाची होती.

बोर्डीस ताराबाईंना पहिला धडा मिळाला तो असा. त्यांनी बालवाडी उघडली. गावातील बऱ्या स्थितीतील मुले आली. परंतु ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ती हरिजनवस्तीतील मुले काही येईनात. बोलावणी झाली, समजाविणे झाले. मुलांना अंगावर कपडा नाही, आणावयास कोणी मोठे माणूस नाही, आणि गावात शिरावयाचे भय पिढ्यान्‌पिढ्यांचे. असल्या वेळी सामान्य सुधारक म्हणतो, "आम्ही तर दार उघडले, तेच येत नाहीत, त्याला आम्ही काय करावे?" ताराबाईंनी उलट केले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीने मुलांकडे जावे. शिक्षिका वस्तीत गेली, एका घरापुढचे अंगण झाडून घेतले, आणि तेथेच मुलांना जमवून बसली. 'अंगणवाडी' हा शब्द असा जन्मास आला. आज भारतभर जो शब्द रूढ आहे, तो ठाणे जिल्ह्यातील एका अंगणात आकारास आला, याची महाराष्ट्रात किती जणांस आठवण असेल?

दुसरा धडा साधनांचा. माँटेसोरीची इटालियन साधने खेड्यास परवडणारी नव्हती, आणि परवडली तरी परकीच राहिली असती. म्हणून शिंपले, खडे, बिया, पाने, काड्या ही साधने झाली. शिंपले लहान-मोठे लावण्यात क्रम आला, बिया मोजण्यात गणित आले, पानांच्या कडा पाहण्यात निरीक्षण आले. मुलाला जे आधीच ठाऊक होते त्याच्याच आधाराने जे ठाऊक नव्हते तिकडे त्याला नेले. आम्ही महाविद्यालयांतून शिक्षणशास्त्राची मोठमोठी सूत्रे पाठ करतो. त्या सर्वांचे सार त्या शिंपल्यांत होते.

इ. स. १९५७ मध्ये हे केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासींच्या अधिक निकट, नेण्यात आले. तेथे 'विकासवाडी' नावाचा प्रयोग बहरला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. यातील मर्म सूक्ष्म आहे. मोठी बहीण शाळेत का येत नाही? कडेवर भावंड आहे म्हणून. भावंडाला पाळणाघरात ठेवले की बहीण मोकळी झाली. बालवाडीतून पहिलीत जावयाचे म्हणजे ओळखीच्या अंगणातून ओळखीच्या ओटीवर जावयाचे. भय उरले नाही. जी मुले गुरांमागे रानात जात, त्यांच्यासाठी शिक्षकच रानात जाऊ लागले व 'कुरणशाळा' भरू लागली. अंगणवाडी आणि कुरणशाळा या दोहोंचे तत्त्व एकच: शाळेने आपला हट्ट सोडावा, मग मूल आपले भय सोडते. इ. स. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण हा किताब मिळाला, इ. स. १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. अनुताई मात्र इ. स. १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत कोसबाडसच राहिल्या.

आता सरकारचा भाग. आमच्या राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने मूळात असे म्हटले होते की, चौदा वर्षे पुरी होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न दहा वर्षांत करावा. त्यात सहा वर्षांखालील मूल वगळलेले नव्हते. इ. स. १९७२ मध्ये मीना स्वामीनाथन यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने गरीब मुलांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची, पोषणाची व आरोग्याची सांगड घालण्याची शिफारस केली, आणि इ. स. १९७५ च्या गांधीजयंतीस तेहतीस गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या केंद्रास नाव मिळाले 'अंगणवाडी'. आज अशी केंद्रे देशात तेरा लाखांहून अधिक व महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक आहेत. एका अंगणातील बीजाचा एवढा विस्तार व्हावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. कित्येक बालके या योजनेमुळे जगली, लसी पोचल्या, पोटात घास गेला. जो कोणी या योजनेची केवळ खिचडी म्हणून थट्टा करतो, त्याने भूक पाहिलेली नाही असे खुशाल समजावे.

परंतु सत्य सांगावयाचे तर पुरते सांगावे. या योजनेने एका स्त्रीवर सहा कामे सोपविली: पूरक आहार, लसीकरणास साहाय्य, आरोग्यतपासणी, आजारी मुलास दवाखान्याकडे पाठविणे, आयांना आरोग्यशिक्षण, आणि शिशुशिक्षण. पहिल्या पाच कामांची नोंद वहीत होते, वजनकाट्यावर होते. सहाव्याची होत नाही. जे मोजले जाते तेच केले जाते, हा सर्व कचेऱ्यांचा अलिखित नियम. अंगणवाडी राहिली, परंतु तिच्यातील शिंपले हळूहळू नाहीसे झाले. त्या सेविकेस पगार न देता 'मानधन' द्यावयाचे, तिच्याकडून मात्र सरकारच्या प्रत्येक मोहिमेचे काम घ्यावयाचे, आणि मग मुले शिकत नाहीत म्हणून तिलाच दोष द्यावयाचा, हा न्याय आम्हांस समजत नाही.

कायद्यानेही मध्येच हात आखडता घेतला. इ. स. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहा वर्षांखालील मूल मात्र मार्गदर्शक तत्त्वांतच राहिले. इ. स. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात त्याच्या पूर्वशिक्षणाची व्यवस्था सरकार 'करू शकेल' एवढेच शब्द आहेत. इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला, हे योग्यच झाले. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे.

येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील: "हे सर्व भावनेचे झाले. बालवाडीत गेलेले मूल पुढे शाळेत खरोखर अधिक टिकते काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एकेरी नाही. इ. स. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने आठ राज्यांतील सुमारे तीस हजार मुलांची पाहणी केली. तीत पूर्वशिक्षण मिळालेली मुले प्राथमिक इयत्तांत अधिक टिकून राहिल्याचे आढळले. अमेरिकेत मिशिगन संस्थानातील इप्सिलांटी या गावी इ. स. १९६२ पासून १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांपैकी ५८ मुलांस उत्तम शिशुशिक्षण देण्यात आले. बुद्धिमापनातील त्यांची आघाडी शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच विरली. परंतु ती मुले चाळिशीस पोचली तेव्हा असे दिसले की, शाळा पुरी करणारे त्यांच्यांत अधिक होते व तुरुंगाची वाट धरणारे कमी.

याच्या उलट पुरावाही आहे, आणि तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच देशातील टेनेसी संस्थानात सरकारी शिशुशाळांत गेलेली मुले सहाव्या इयत्तेस पोचेपर्यंत न गेलेल्या मुलांच्या मागे पडली, असे इ. स. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. आमच्याकडेही राजस्थान, आंध्र-तेलंगण व आसाम येथील सुमारे चौदा हजार मुलांचा चार ते आठ वर्षे वयात पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास इ. स. २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक मुले कोठे ना कोठे जात होती. तरी पाच वर्षांच्या बहुसंख्य मुलांची शाळेची तयारी अपेक्षेहून फारच कमी होती. कारण अंगणवाडीत शिकविणेच थोडे, आणि खाजगी शिशुवर्गात शिकविणे भलतेच: तीन वर्षांच्या मुलाकडून पाटीवर घोटून घेणे. ज्या मुलांची तयारी खरोखर झाली होती ती मात्र पुढील इयत्तांत सरस ठरली. तात्पर्य, बालवाडीची पाटी लावल्याने मूल शिकत नाही. तीत काय चालते यावर सारे अवलंबून आहे.

मग उपाय काय? तो फार महागडा नाही. तमिळनाडूत इ. स. २०१६ नंतर ६४० अंगणवाड्या निवडून त्यांतील निम्म्यांत केवळ शिशुशिक्षणासाठी एक अर्धवेळ बाई अधिक दिली गेली. दीड वर्षाने पाहता शिकविण्याचा वेळ दुप्पट झाला होता, गणितात व भाषेत मुले पुढे गेली होती. आणि जुन्या सेविकेस आहार-आरोग्याकडे पाहण्यास उसंत मिळाल्यामुळे मुलांचे कुपोषणही घटले होते. मुलाजवळ बसावयास एक माणूस हवे, एवढेच बोर्डीच्या त्या दोघी सांगत होत्या.

आता पुनः अंबरनाथकडे वळू. या मंदिराच्या आसपास आज शहर दाटले आहे. उल्हासनगर निर्वासितांच्या छावणीतून वाढले, अंबरनाथ कारखान्यांवर वाढले, बदलापूर आगगाडीवर वाढले. परंतु थोडे बाहेर, मलंगगडाच्या किंवा बारवी धरणाच्या दिशेने गेले की ठाकूर-कातकऱ्यांचे पाडे लागतात. अशा गावात तीन वर्षांच्या मुलासाठी आज तीन वाटा आहेत. ज्याच्या बापापाशी पैसा आहे ते मूल गाडीत बसून शहरातील इंग्रजी शिशुवर्गात जाते. ज्याचे घर अंगणवाडीजवळ आहे ते अंगणवाडीत जाते. आणि ज्याचे आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ते त्यांच्याबरोबर भट्टीवर जाते व कोठेच शिकत नाही. पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसऱ्या व तिसऱ्या वाटेची मुले एका सतरंजीवर येऊन बसतात. पहिल्या वाटेची तेथे येतच नाहीत, आणि त्यांच्याबरोबर गावातील ज्यांचा शब्द चालतो असे पालकही त्या शाळेतून निघून जातात. मग वर्षअखेर 'गावाच्या शाळेचा निकाल' लागतो, आणि आपण वर्तमानपत्र वाचून चुकचुकतो.

या चुकचुकण्यात आम्हीही आहोत. सुशिक्षित मध्यम वर्गाने आपल्या मुलांसाठी वेगळी वाट काढली यात पाप नाही. आईबाप आपल्या मुलाचे हित पाहणारच. परंतु वाट बदलताना आपण मागे वळून पाहणेही सोडले, हे मात्र आमचे चुकले. ताराबाई याच वर्गातील होत्या. दादरच्या शिशुविहारात त्यांचे काही उणे नव्हते. इंग्रजी शिकलेल्या त्या स्त्रीने आपल्या विद्येचा उपयोग आपल्या वर्गापुरता ठेवला नाही, एवढाच तिचा आमच्यापासून वेगळेपणा. आणि तेवढ्यानेच आम्ही लहान ठरतो.

सर्वांनी कोसबाडास जावे असे आम्ही म्हणत नाही. पण आपल्या गावची अंगणवाडी कोठे आहे हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे? तिच्यात मुले शिकतात काय, खेळतात काय, तेथील बाईस त्यांच्याजवळ बसावयास वेळ मिळतो काय, त्यांच्या घरच्या बोलीत त्यांच्याशी कोणी बोलते काय, हे प्रश्न आपण कधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारले आहेत? इंग्रजी शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी आपण जितक्या खेपा घालतो, त्यांतील एक खेप या कामी खर्च झाली तरी पुष्कळ होईल. सहा वर्षांखालील मुलास शिक्षणाचा हक्क मिळावा ही मागणी ते मूल करू शकत नाही, त्याचे आईबाप बहुधा करीत नाहीत. ज्यांना मागता येते त्यांनीच ती केली पाहिजे.

त्या म्हातारीने नातवाला शिकविले काय? काहीच नाही, असे पाहणारा म्हणेल. ती पायरीवर बसली एवढेच. थोड्या वेळाने दोघे गाभाऱ्यातून परत निघाली तेव्हा मुलाने तिचा हात सोडला होता. हातपाय टेकीत, एकेक पायरी मोजीत, ते तिच्या पुढे वर येत होते. मोजणी तिसऱ्या पायरीनंतर चुकत होती, आणि ते पुनः एकापासून सुरू करीत होते.